सासऱ्यांच्या गाडीतला थर्मोस्टॅट

सासुरवाडीत मी इंजिनिअर म्हणून ओळखला जातो. सॉफ्टवेअरचा, पण तो तपशील तिथे कुणी विचारत नाही आणि वीस वर्षांत मीही सांगितलेला नाही. पुढचा घोळ त्यातूनच झाला.

चार वर्षांपूर्वी कोलशेतला एक फ्लॅट बघायला मी डोंबिवलीहून सासऱ्यांची गाडी घेऊन गेलेलो. वाटेत इंजिन तापलं, बॉनेटमधून वाफ आली. जवळच्या गॅरेजवाल्याने बघून सांगितलं, "साहेब, थर्मोस्टॅट अडकलाय. काढूनच टाकतो. आपल्याकडे थंडी आहेच कुठे?" थर्मोस्टॅट म्हणजे काय, हे विचारायला हवं होतं. मी जाणत्यासारखी मान हलवली. त्याने तो काढला, नुसतं झाकण परत बसवलं. मी गाडी धुऊन परत केली आणि घरी कुणाला काही बोललो नाही.

तेव्हापासून गाडी पेट्रोल जास्त खायला लागली. सासरे मुलाला म्हणायचे, "अरे, टेम्परेचरचा काटा वर येत नाही. इंजिन गारच राहतं."

त्यावर माझा मेहुणा, "बाबा, काटा वर येत नाही हे चांगलंच ना! तुम्ही क्लचवर पाय ठेवूनच, हाफ क्लचवर चालवता, म्हणून ॲव्हरेज पडलंय."

हळूहळू घरात तेच ठरून गेलं. टिटवाळ्याला गणपतीला स्वतः गाडी चालवत जायचं, एवढा एकच थाट त्या चौऱ्याहत्तरीच्या माणसाने ठेवला होता. या दिवाळीत मेहुण्याने सगळ्यांदेखत सांगितलं, की बाबा, आता चावी माझ्याकडे द्या, गाडी विकून टाकू. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरातला इंजिनिअर ना मी!

मी म्हणालो, "वयोमानाने होतं असं."

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा थर्मोस्टॅटबद्दल वाचलं. इंजिन गार असताना तो पाणी, म्हणजे कूलंट, अडवून धरतो, तापलं की रेडिएटरकडे सोडतो. तो नसला तर इंजिन धड तापत नाही आणि पेट्रोल पीत राहतं. म्हणजे दोष हाफ क्लचचा नव्हता. माझा होता.

नवा थर्मोस्टॅट आणला आणि रविवारी सकाळी "कूलंट बदलून देतो" म्हणत त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. गुपचूप बसवायचा आणि सटकायचं, असा बेत. पण सासरे टॉर्च घेऊन हजर. त्यात तो भाग असतो कुठे, तेच मला नीट ठाऊक नव्हतं. मी पहिल्याच झाकणाला हात घातला.

"ते ऑइलचं आहे," सासरे म्हणाले. "शोधताय काय?"

मग रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपचा माग काढत इंजिनपर्यंत गेलो. पाइप संपतो तिथे दोन बोल्टांचं झाकण. खाली बादली लावून कूलंट काढलं. गॅलरीतून सासूबाई ओरडल्या, "अहो, ती माझी कपड्यांची बादली!"

झाकण निघालं. सासऱ्यांनी टॉर्च मारला. आत नुसतं भोक. त्यांनी माझ्या हातातल्या नव्या वस्तूकडे पाहिलं.

"मग जुना कुठाय?"

"झिजला असेल, बाबा."

"जावईबापू, साबण आहे का तो?"

मग मी सगळं सांगितलं. कोलशेत, वाफ, हलवलेली मान. दिवाळीतलं माझं वाक्यही. सासऱ्यांनी टॉर्च पुन्हा त्या भोकावर धरला. मी नवा बसवला, कूलंट भरलं, इंजिन चालू केलं. ते वरच्या पाइपवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ पाइप गारच. मग एकदम त्यांनी हात झटकला.

"उघडला!"

आत वाकून पाहिलं तर काटा मध्यावर. मला वाटलं, सुटलो.

"चला आता वर," ते म्हणाले. "पोरगा जेवायला आलाय. त्याला तुम्ही सांगायचं. मी नाही."

सांगितलं. आमटीकडे बघत सांगितलं. सासूबाईंनी मला वाढायला आणलेलं तूप तसंच परत नेलं. मेहुण्याचा घास हातात राहिला. "म्हणजे भावोजी, चार वर्षं मी बाबांना…" मग तो वडिलांकडे वळून म्हणाला, "चावी तुमच्याकडेच ठेवा, बाबा."

"ठेवणारच आहे," सासरे भात कालवत म्हणाले. "आणि जावईबापू, तुम्हाला कधी गाडी लागली तर फोन करा. मी येईन सोडायला."