ट्रॅक्टरवरून न उतरण्याचं कारण

बाईनं नांगराला हात लावायचा नाही. कुळवालाही नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

हे मला चालायला येण्याआधीच शिकवलं असणार. पेरणीला बायका चालतात, खुरपणीला चालतात, काढणीला तर आमच्याशिवाय विळा हलत नाही. फक्त नांगर म्हटलं की आमच्या हातांना काय होतं, कोण जाणे! औरंगाबादेत बी.ए. केलं, तरी याचं उत्तर मिळालं नाही. मग एक दिवस तो नियम मोडायला निघाले, आणि माझी जी शोभा झाली, ती आता काय सांगू तुम्हाला. सांगतेच. चहा घ्या आधी, गार होतोय.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील गेल्यावर मला त्यांनीच वाढवलं, त्यांनीच शिकवलं. त्याच आबांनी गेल्या वर्षी बैलजोडी विकली आणि ट्रॅक्टर आणला. लोहाऱ्याकडच्या आमच्या भागातला पहिलाच. गावाला हसायला तेवढं पुरलं. सगळ्यांत पुढं दाजीबा आजा. हे आमचे चुलत आजोबा, त्यांचं रान आमच्या रानाला लागून. पारावर बसून ते म्हणायचे, "आबाला म्हातारचळ लागलाय. पोरगी कालेजात घातली अन् बैल इकून लोखंड दावणीला बांधलं. दोन्हीबी कामाची न्हाईत."

ऐकलंत? मी आणि ट्रॅक्टर एकाच दावणीला!

 आबा संध्याकाळी गोठ्यात जायचे आणि ट्रॅक्टरच्या बोनेटवरून हात फिरवायचे, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. 

ज्वारीच्या पेरणीआधी मोठा पाऊस झाला, आणि नेमका ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आईच्या आजारपणासाठी गावी गेला. काळं रान ते! वाफसा आला, म्हणजे ओल बेताची झाली, की लगेच कुळवावं लागतं. एकदा सुकलं की ढेकळं दगडासारखी. बैल विकलेले, ट्रॅक्टर उभा. आबांना कुणाकडं बैल मागायला जावं लागलं असतं, तर ते दाजीबा आजाकडंच. आबा दोन वेळा जोडे घालून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

मला तेवढं बस झालं.

आता माझी तयारी ऐका. शेतात भाकरी घेऊन जायची तेव्हा ड्रायव्हरनं मला गुपचूप ट्रॅक्टर चालवू दिला होता. सुरू तो करून द्यायचा, शेवटी बंदही तोच करायचा. मधल्या फेऱ्या माझ्या. राहिलं सुरू करणं. ट्रॅक्टरबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. तिच्यातलं 'सुरू करण्यापूर्वी' हे पान मी पाठ केलं. सुरक्षिततेच्या सूचना पाठ केल्या. परीक्षेला येईल तेवढंच वाचायचं, ही आमची कॉलेजातली सवय. 'बंद करणे' हे पुढच्या पानावर होतं.

दुपारी सगळी माणसं आडवी झालेली. मी पदर खोचला, वेणी आत घातली. चाकांतली हवा बघितली. रेडिएटरचं झाकण काढून पाणी भरलं. तेल मोजायची पट्टी पदराला पुसून तेल बघितलं. डिझेल आमच्या रानापुरतं होतं. खाली वाकून कुणी झोपलेलं नाही ना, हेही बघितलं. कोंबडी होती, तिला हाकललं. घरातल्या आत्यानं दृष्ट लागू नये म्हणून पंख्याजवळ लिंबू-बिब्ब्याचा दोरा बांधला होता. तो पट्ट्यात अडकला असता, म्हणून सोडला. मग वर बसले, गिअर न्यूट्रलला, ब्रेक दाबलेला, किल्ली फिरवली.

झाला की सुरू! पहिल्या झटक्यात!

गोठ्यातून बाहेर पडताना आत्या ओसरीवरून धावत आली. तिला आवाजात माझं काही ऐकू येईना आणि मला तिचं. तिच्या हातांकडं बघून एवढं कळलं की मला किंवा ट्रॅक्टरला, कुणाला तरी मरीआई घेऊन जाणार आहे.

लोखंडी तव्यांचा कुळव मागं जोडलेलाच होता. काय रान झालं म्हणता! काळी माती मागं मऊ होऊन पडत होती, बगळे मागून चालत होते. हळूहळू बांधावर माणसं जमली. आत्या आली, दाजीबा आजा काठी टेकत आले, शेवटी आबा. आमचं रान संपलं, तसा मी ऐटीत बांधापाशी ट्रॅक्टर उभा केला, न्यूट्रल केला, ब्रेक लावला आणि किल्ली उलटी फिरवली.

इंजिन चालूच.

परत फिरवली. चालूच. काढून हातात घेतली. किल्ली माझ्या मुठीत आणि समोर इंजिन धडधडतंय. डिझेलचं इंजिन किल्लीनं बंद होत नाही, त्याची वेगळी कळ ओढावी लागते, हे तेव्हा कुणाला ठाऊक! आणि सूचना तर पाठ होती: इंजिन चालू असताना जागा सोडू नये. का, हे मीही विचारलं नव्हतं.

दाजीबा आजा ओरडले, "झाली न्हवं हौस? आता उतर खाली. बाईमाणसाचं काम न्हाई ते."

आता त्यांच्यासमोर सांगायचं, बंद करता येत नाही म्हणून? आबांची दोन्ही वेडं एकदमच बुडाली असती. मी मान ताठ केली, गिअर टाकला आणि कुळवलेलं रान परत कुळवायला घेतलं.

बांधावर खळबळ. परत आले तेव्हा आत्या हात जोडून उभी. मी पुढं गेले. पुढच्या फेरीला आजांनी काठी उगारली. मी त्यांच्याच रानात घुसले आणि तेही कुळवायला लागले. आता मी थांबून तरी काय करणार होते? लोकांना वाटलं, पोरगी इरेला पेटलीय. आजांची काठी वर होती ती हळूच खाली आली. रान तर त्यांचंही सुकतच होतं.

शेवटी आबाच ढेकळं तुडवत पुढं आले. त्यांना बघून मी थांबले. त्यांनी सवयीनं बोनेटवर हात ठेवला आणि चटका बसून काढला.

"लई तापलाय," म्हणाले. "तूबी दमलीस. पोरी, मी कधी तुला कशाला न्हाई म्हनलो का? आता माझ्यासाठी उतर."

मागं आत्या, आजा, सगळं गाव.  त्यांना तरी खरं सांगायलाच हवं होतं, म्हणून त्यांच्या कानापाशी वाकून इंजिनाच्या आवाजाच्या वर जाईल एवढ्या जोरात ओरडले,

"आबा, मी उतरणार नाही!"

बांधावर सगळे चपापले. आणि तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. डिझेल संपलं. माझं पुढचं वाक्य मात्र तोंडातून सुटलं होतं, ते त्याच आवाजात शिवारभर गेलं:

"मला हा बंद करता येत नाही!"

  दाजीबा आजा आपल्या कुळवलेल्या रानाकडं बघत राहिले. आत्यानं हसू दाबायला पदर तोंडाशी धरला. आणि आबा माझ्याकडं पाठ करून, मुंडाशाचा शेव डोळ्यांना लावून उभे होते. खांदे तेवढे हलत होते.