‘रुग्णाचे सहकार्य नाही’ हे न मानणाऱ्या बाई

डॉ. वसुधा शेट्ये यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका वाक्यावर काट मारताना. त्या सीटी विभागाच्या प्रमुख होत्या; मी तंत्रज्ञ म्हणून नुकतीच रुजू झाले होते.

गोव्यातल्या सुर्ल्याचे राघोबा खनिजाचा ट्रक चालवत. छातीत दुखे, आणि सगळीकडे ‘गॅस’ म्हणून बोळवण होई. हृदयापर्यंत तार न घालता, हाताच्या शिरेतून औषध सोडून सीटीवर धमन्यांतला अडथळा दिसतो. मात्र चित्र घेताना काही क्षण श्वास रोखावा लागतो. राघोबांचं चित्र अस्पष्ट आलं. वरिष्ठ तंत्रज्ञांनी मसुद्यात लिहिलं, ‘रुग्णाचे सहकार्य नाही.’ एवढ्यावर राघोबा पुन्हा ट्रकवर चढणार होते.

बाईंनी त्या वाक्यावर काट मारली आणि त्या थेट राघोबांकडे गेल्या. “श्वास कित्याक घेतलास ओ?”

“तुमच्या माणसान सांगल्यान, दम धरा. म्हणान गप पडान थांबलंय. आणखी किती दम धरूचो?”

“मॅडम, या ट्रकवाल्यांना कितीही सांगा...” वरिष्ठ म्हणाले.

“त्यांनी तुमचं ऐकलं. ‘दम धरा’ म्हणजे वाट बघा, असंच त्यांना कळलं. सांगता तुम्हाला आलं नाही.”

मला याचा राग आजही येतो. नवं यंत्र आणायचं, त्यावर झोपणाऱ्याला समजेल असं एक वाक्य तयार करायचं नाही, वर दोष त्याचाच! राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, मराठी-कोकणीवरून सभा गाजल्या. तपासणीच्या टेबलाशी मात्र माणसाच्या बोलीत बोलायला कुणी तयार नव्हतं.

दुसरी तपासणी म्हणजे पुन्हा औषध, पुन्हा क्ष-किरण. बाईंनी मूत्रपिंडाचा अहवाल तपासला, राघोबांना धोका समजावला, त्यांचा होकार घेतला. मग यंत्र बंद ठेवून सराव.

“वारो भितर घेवा. तोंड बंद करा. मी सांगीसर सोडू नका.”

“आणि तुमी सांगूक इसारलास तर?”

“तर तुमची बायल माका सोडूची नाय!”

राघोबा हसले. या वेळी चित्र स्वच्छ आलं. हृदयाची डावी मुख्य धमनी तोंडाशीच धाग्याएवढी उरली होती. त्यांना घरी न सोडता शस्त्रक्रियेसाठी पाठवलं. ते वाचले.

माझी बस चुकली, की रस्ता उलटा पडत असूनही बाई मला कारापूरला सोडून मग पेडण्याला जात. गाडीत त्या फारसं बोलत नसत, मीही नाही. ते आम्हा दोघींना सोयीचं होतं.

साठाव्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्यांना हट्टी म्हणणारेच आता सत्काराला पुढे आहेत. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांनी आता आराम करावा, असं मात्र मी लिहिणार नाही. त्यांची जागा अजून भरलेली नाही, आणि बाहेर बाकावर रुग्ण बसलेले आहेत.