वल्ही उचलायची जागा

त्या गावातला मोठा रस्ता सरळ तळ्यात जातो. वरच्या गल्लीतून उतरत येतो, शिंप्याचं दुकान आणि दवाखाना ओलांडतो आणि कुठेही न वळता पाण्यात शिरतो. काठावर उभं राहिलं की थोड्या अंतरापर्यंत पाण्याखाली त्याचे दगड दिसतात, पुढे नुसतं हिरवं आणि मग काळं. बाहेरून येणारे लोक तिथे पाय भिजवून फोटो काढतात आणि म्हणतात, काय मजेशीर कल्पना आहे. आता रस्ता कोणी मजेसाठी पाण्यात सोडतं का? हा रस्ता खालच्या गल्लीत जायचा, आणि खालची गल्ली तळ्याच्या तळाशी आहे.

बाहेरच्यांना हे ठाऊक नसणार, ते एक वेळ समजून घेता येतं. संताप येतो तो गावाचा, कारण गावाला सगळं ठाऊक आहे.

होडीवाल्या मावशीला तो सगळ्यात जास्त यायचा. तिला सगळं गाव मावशी म्हणायचं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. होडीत बसणारे पाहुणे दोन मिनिटांत मावशी म्हणू लागायचे. ती वल्हं मारता मारता बोलायची आणि जे बोलायची ते तोंडावर. कोणी म्हणालं, "मावशी, किती सुंदर गाव आहे तुमचं," तर ती म्हणायची, "थंडीत येऊन राहा, मग सांगा." थंडीत तिथे दुपारीच सूर्य डोंगराआड जातो. मग समोरच्या डोंगराच्या खड्ड्यातून वारा सुटतो, आणि तो सुटायच्या आत होड्या काठाला लागाव्या लागतात.

तो खड्डा हीच गावाची सगळी गोष्ट. मावशीची आई लहान होती तेव्हा तळं नव्हतं, नदी होती. त्या वर्षी बर्फ उशिरा वितळलं, डोंगर पोटातून भिजला आणि एका सकाळी त्याची एक बाजू खाली आली. अर्धी खालच्या गल्लीवर पडली, अर्धी नदीत. नदीची वाट बुजली, पाणी तुंबून वर चढत गेलं, आणि महिनाभरात गावाच्या दारात तळं उभं राहिलं. मावशीची आई त्या सकाळी वाटी घेऊन वरच्या गल्लीत काकूकडे मीठ मागायला आली होती, म्हणून वाचली. घरी तिची आई होती, आणि आईजवळ नुकतं जन्मलेलं बाळ.

बाप होता पाथरवट. तो पलीकडच्या खाणीवर होता, तोही वाचला. वाचून काय करणार? डोंगराबरोबर आलेल्या दगडांतलाच एक मोठा दगड त्यानं रस्ता पाण्यात शिरतो तिथे उभा केला आणि त्यावर खालच्या गल्लीतल्या सगळ्यांची नावं कोरली. अक्षरं वरती सरळ आहेत, खाली येता येता वाकडी झाली आहेत. सगळ्यात शेवटी बायकोचं नाव आहे, आणि त्याखाली 'बाळ'.

पुढे तळ्यात होड्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर गावात एक रीत पडली. खालच्या गल्लीच्या बरोबर वर आलं की वल्ही उचलून धरायची, होडी आपली आपण सरकू द्यायची आणि ती थांबेपर्यंत कोणी बोलायचं नाही. माणसांच्या डोक्यावर वल्हं मारायचं नाही, एवढंच कारण.

मावशी लग्न करून गेली ती वरच्या गल्लीतल्याच एका होडीवाल्याकडे. माणूस मनानं सोनं, पण तोंडात खरं म्हणून टिकायचं नाही. गावानं त्याचं नाव थापाड्या ठेवलं होतं, आणि त्यालाही ते आवडायचं. बाजारातून भाजी आणायला गेला तरी येताना त्याला अस्वल भेटायचं. मावशीचा स्वभाव याच्या अगदी उलटा, त्यामुळे घरात रोज वाजायचं. भांडण व्हायचं ते भाजीवरून कधीच नाही, अस्वलावरून.

एका उन्हाळ्यात थापाड्याच्या होडीत नवीन लग्न झालेलं एक जोडपं बसलं. मधोमध आल्यावर त्यानं वल्ही उचलली. नवरी म्हणाली, "काका, का थांबलात?" आणि थापाड्या म्हणाला, "खाली राजकन्या झोपली आहे. तिला जाग येऊ नये म्हणून."

त्यानं घरी येऊन हे हसत हसत सांगितलं तेव्हा मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझी आजी आहे तिथे," ती म्हणाली, "आणि तुम्ही राजकन्या झोपवलीत?"

"अगं, हातात हात घालून बसली होती पोरं. त्यांना काय सांगू, तुमच्या पायाखाली माणसं गाडली गेली आहेत म्हणून?"

"हो. तेच सांगायचं."

"मग ती उरलेला सगळा वेळ रडली असती."

"रडू दे की. गावात कोणी रडत नाही आता, निदान पाहुण्यांनी तरी रडावं."

थापाड्यानं नेहमीसारखे कानाला हात लावले आणि दुसऱ्या दिवशी राजकन्येच्या केसांचं वर्णन वाढवलं. पुढचं सांगायला नको. बाकीच्या होडीवाल्यांनी ती गोष्ट उचलली. एका हॉटेलाचं नाव राजकन्या झालं, चहाच्या टपरीवर तिचं चित्र आलं, आणि काही वर्षांनी गावातलीच मुलं तिची गोष्ट शाळेत म्हणून दाखवू लागली. खालच्या गल्लीतल्या माणसांचे नातू-पणतू होते हे. मावशी प्रत्येकाला दारात उभं करून झापायची. पोरं खाली मान घालून ऐकायची आणि कोपऱ्यावर गेली की हसायची.

थापाड्या गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी पर्यटन खात्याचे साहेब आले. स्वच्छ कपडे, गोड बोलणं, हातात सतत फोन. रस्ता पाण्यात शिरतो तिथे निजलेल्या राजकन्येचा पुतळा बसवायचा ठरला होता. तिथला जुना दगड, साहेब म्हणाले, सन्मानानं हलवण्यात येईल. कुठे, तर होड्या लागतात तिथल्या स्वच्छतागृहाच्या मागे. म्हणजे संडासाच्या मागे. सन्मानानं.

गावाच्या सभागृहात बैठक झाली. गावसमितीचा अध्यक्ष मावशीचा धाकटा दीर होता, थापाड्याचा सख्खा भाऊ. राजकन्या हॉटेलही त्याचंच. मावशी उठली तेव्हा त्यानं आधीच कपाळाला हात लावला.

"साहेब," ती म्हणाली, "ही राजकन्या माझ्या नवऱ्यानं काढली. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिचे केस वाढवले त्यानं. थापा मारायचा तो. या भावजींना विचारा."

"वहिनी, कशाला आता जुनं," भावजी जमिनीकडे बघत म्हणाले.

"थापा मारायचा की नाही, तेवढं सांगा."

भावजी समोरचे कागद चाळू लागले. साहेब मात्र समजुतीनं हसले. लोककथेला खरं-खोटं लावायचं नसतं, असं त्यांनी सांगितलं. ती लोकांच्या मनातून येते, मावशी. आमच्याकडे एका जुन्या होडीवाल्याच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेली मूळ कथा आहे. आणि त्यांनी ती फोनवर लावली.

सभागृहात थापाड्याचा आवाज आला.

तोच घोगरा आवाज, मध्ये थांबून घसा साफ करायची तीच सवय. राजकन्येचे केस कुठपर्यंत पोहोचतात हे तो इतक्या रंगात येऊन सांगत होता की लोक हसू लागले. मागच्या बाकावरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. मावशी उभीच राहिली. दोन वर्षांत तिनं तो आवाज ऐकला नव्हता. तो ऐकायला मिळाला याचा तिला आनंद झाला, आणि तो कुठल्या कामासाठी ऐकवला जातो आहे हे कळल्यावर असा राग आला की तिला बसवेना आणि बोलवेना. स्वतःचा मेलेला नवरा भर सभेत तिच्याविरुद्ध साक्ष देत होता, आणि खोटी.

"किती जिवंत आहे बघा," साहेब फोन बंद करत म्हणाले. "दरडीची घटना दुःखद आहे, मान्य. पण सुट्टीला आलेल्या माणसाला दरड कशाला दाखवायची?"

हात वर झाले. मावशीनं ते मोजले नाहीत, नुसतं पाहिलं कोण कोण ते. शिंप्याचा पणजोबा त्या दगडावर होता. शिंप्याचाही हात वर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार पहारी घेऊन आले. ते बाहेरगावचे होते, त्यांचा काय दोष. मावशी दगडाला पाठ लावून उभी राहिली. तिनं त्यांना दरड सांगितली, नदी सांगितली, मिठाची वाटी सांगितली. त्यांनी ऐकलं, वाईट वाटल्यासारखे चेहरे केले आणि म्हणाले, "आजी, आम्हाला हुकूम आहे." भावजी आले, त्यांनी हात जोडले. "वहिनी, तमाशा नको. दगडच आहे, कुठेही ठेवला तरी नावं तीच राहणार."

"मग तुमच्या आईचा फोटो संडासामागे लावा," मावशी म्हणाली. "चेहरा तोच राहील."

भावजींनी जोडलेले हात खाली घेतले, पण ते गेले नाहीत. मग साहेब आले, घड्याळाकडे बघत. एका कामगारानं पहार दगडाच्या बुडाशी लावली. लोखंड दगडावर घासलं, तो आवाज मावशीच्या पाठीतून वर गेला. आपण खरं बोलून थकलो आहोत हे तेव्हा तिला कळलं. कोणी तिला खोटं ठरवत नव्हतं. सगळ्यांना पटत होतं, आणि पहार चालूच होती.

"थांबा," ती म्हणाली. "त्यांनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली."

साहेबांनी वर पाहिलं. "कोणी?"

"माझ्या नवऱ्यानं. पुढचं सांगायचं नसतं, म्हणून नाही सांगितलं."

साहेबांचा फोन खिशातून आपोआप बाहेर आला. आणि जिनं जन्मात कधी अस्वल खपवून घेतलं नव्हतं, ती मावशी थापाड्यासारखाच घसा साफ करून बोलू लागली. राजकन्या एकटी झोपायला घाबरायची. म्हणून तिच्या सख्या तिच्याबरोबर पाण्यात उतरल्या. राजानं त्यांची नावं या दगडावर कोरून घेतली. नावं काठावर आहेत तोवर ती निजून राहील. दगड हलला की तिला जाग येणार, आणि ती उठून निघाली की तळंही तिच्या मागोमाग निघणार.

दगडाच्या बुडाशी बसलेल्या कामगारानं पहार हळूच काढून घेतली आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"हे तुम्ही काल का नाही सांगितलंत?" साहेबांचे डोळे चमकत होते. "हे तर विलक्षण आहे. हा दगड म्हणजे कथेचा भाग आहे. हलवायचा प्रश्नच येत नाही."

भावजी मावशीकडे बघत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. दगडावर त्यांच्या आजोबांचे दोन भाऊ होते. ते एक शब्द बोलले नाहीत, आणि तेवढ्यासाठी मावशीनं त्यांना पुढे थोडंसं माफ केलं.

जिंकली म्हणून तिला कोणी हार घालायला आलं असतं तर तिनं तो तळ्यात फेकला असता. इतकी वर्षं खरं सांगितलं, त्याला एका पहारीइतकी किंमत आली नाही. एक थाप मारली आणि सरकार हललं. पुतळा थोडा बाजूला बसला, दगडाला छान कुंपण आलं, आणि कुंपणावर पाटी लागली: 'राजकन्येच्या सख्या'. तिची आजी, घरचं करता करता कंबर मोडलेली बाई, कोणा राजाच्या लाडक्या लेकीची करवली होऊन बसली. पाटी लागली त्या दिवशी मावशी एकटीच होडी घेऊन मधोमध गेली, वल्ही उचलली, आणि पहिल्यांदाच तिथे बोलली. "झालं तुमच्या मनासारखं?" ती पाण्याला म्हणाली. ते आजीला होतं की नवऱ्याला, हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही.

पाहुणे वाढले. दगडाला फुलं येऊ लागली. मावशी होडी बांधताना ते बघायची आणि दात आवळायची.

एका दुपारी, वारा सुटायला थोडा वेळ असताना, एक बाई कुंपणाशी वाकून नावं वाचत होती. फोन तयार होता. तिनं मावशीला हाक मारली.

"मावशी, यातली राजकन्या कोणती?"

मावशीच्या जिभेवर नेहमीचं तिखट उत्तर आलं होतं. पण दोर हातातून खाली ठेवून ती आली, कुंपणावरून हात घातला आणि सगळ्यात खालच्या, सगळ्यात वाकड्या अक्षरांवर बोट ठेवलं.

"ही."

बाई आणखी वाकली. "पण इथे नुसतं 'बाळ' लिहिलंय."

"नाव ठेवायचं राहिलं. त्याच्या आधीच डोंगर आला." मावशीचं बोट तिथेच होतं. "माझ्या आईची बहीण. माझी मावशी होती ती."

बाईनं फोन पर्समध्ये टाकला. ती काही वेळ पाटीकडे आणि मग पाण्यात शिरणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिली. डोंगराच्या खड्ड्यातून वारा सुटला होता, होड्या एकमेकींवर आपटू लागल्या होत्या.

"आणि बाकीचे कोण?" तिनं विचारलं.

मावशीनं बोट उचललं, दगडाच्या माथ्यावर नेलं आणि पहिल्या नावापासून सुरुवात केली.