चाकावरचा नारळ

शेळगावचा कुंडलिक दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायचा, आणि तिथं त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दुधात पाणी निघालं की समोर सरपंच असो नाहीतर सख्खा मेहुणा, कॅन परत. पण घराचा उंबरा ओलांडला की हाच माणूस मान खाली घालायचा, कारण आत त्याचे वडील, आबाजी, बसलेले असायचे.

आबाजींनी उमेदीची वर्षं मेंढरांमागं कोकणापर्यंत पायपीट केली आणि पुढं कळप विकून कालव्याच्या पाण्यावर बागायत केली. मेंढरं गेली, हाकायची सवय राहिली. गावच्या गजी नाचाच्या ढोलाचा ताण बरोबर बसला का, हे सत्तरीतही तेच बोटानं वाजवून सांगत, आणि कुंडलिकनं शाळा कधी सोडायची, सोयरीक कुठल्या गावची करायची, हेही तेच सांगत. कुंडलिक 'व्हय आबा' म्हणायचा. खरं सांगायचं तर आबाजींनी ठरवलेलं बहुतेक बरंच निघायचं, त्यामुळं कुरकुरायलाही जागा नव्हती.

चाळिशीत त्याच्या रक्तात साखर निघाली. सगळा मुलूखच उसाचा, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण चालायला लागलं की दर दहा पावलांवर कोणीतरी 'कुठं निघालासा?' म्हणून थांबवायचं. म्हणून त्यानं बारामतीतल्या एका इंजिनियरची जुनी, वाकड्या हँडलची रोड बाइक, म्हणजे शर्यतीची सायकल, घेतली. वर्षभरात तो रविवारी बारामतीच्या सायकलवाल्यांच्या टोळीत जायला लागला. टोळीत सगळे डॉक्टर, वकील, बागायतदार. त्यांच्या सायकलींना कार्बनची चाकं होती, चार बोटं रुंद काळ्या काठाची, वेगात घुमायची. कुंडलिकची साधी चाकं मुकी. टोळीतले रणजित डॉक्टर मायेनंच म्हणाले, "कुंडलिकराव, पाय घोड्याचे आहेत तुमचे, चाकं तेवढी बैलगाडीची." सगळे हसले. कुंडलिकही हसला, पण ते त्याला फार लागलं.

नावाजलेल्या कंपनीची चाकं त्याच्या आवाक्याबाहेरची. मग दोन महिने फोनवर खल करून त्यानं चीनमधली एक स्वस्तातली कंपनी धरली, जिचं नाव त्याला कधी धड उच्चारता आलं नाही. दुपारी डेअरीत बसून तो भाषांतराच्या ॲपमधून तिथल्या विक्रेतीला विचारायचा, "ताई, आमचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलाय. चाक टिकेल का?" तिकडून उत्तर यायचं, "प्रिय मित्रा, अतिशय मजबूत." गाय घेताना माणूस दात बघतो, कास चाचपतो, इथं नुसता फोटो चाचपायचा. हवं त्या मोठ्या कंपनीचं नाव चाकावर छापून देतो, असंही त्या बाईनं सुचवलं. कुंडलिकनं ठणकावून नाही म्हटलं. चीनला तो नाही म्हणू शकला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

ही त्याच्या आयुष्यातली पहिली वस्तू, जी त्यानं आबाजींना न विचारता घेतली.

दीड महिन्यानं खोकं इंदापूरपर्यंत आलं आणि तिथून दुधाच्या टेम्पोतून घरी. शुक्रवारी संध्याकाळी त्यानं चाकं सायकलला बसवली आणि हातानं फिरवली. घुमली. त्याला इतका आनंद झाला, की बायकोला, सुकन्याला, हाक मारून त्यानं ती परत दोनदा फिरवून दाखवली. रविवारी टोळी बारामतीहून इंदापूर, पळसदेव, भिगवण असा फेरा मारणार होती.

एवढ्यात आबाजी आले. त्यांनी सायकल एका हातानं उचलून बघितली. "पोकळ हाय का रं?"

"कार्बन हाय आबा. हलकंच असतंय."

"बरं. सुकन्या, हळदी-कुंकू आण. नवी वस्तू हाय."

आबाजींच्या घरात नव्या वस्तूचा नारळ जमिनीवर फुटत नसे, वस्तूच्याच अंगावर फुटायचा. पाण्याची मोटर, नांगर, ट्रॅक्टरचा हूक, सगळ्यांनी तो सोसला होता. आबाजी म्हणत, "जी वस्तू पैला नारळ सोसत न्हाय, ती आपल्याला काय सोसणार?"

त्यांनी पुढच्या चाकापाशी नारळ उचलला. कुंडलिकच्या तोंडातून "आबा..." एवढंच निघालं.

"काय रं?"

"काय न्हाय."

काळ्या काठावर नारळ खाडकन फुटला. पाणी उडालं, सुकन्यानं ओवाळलं, खोबरं वाटलं गेलं. चाकावर साधा ओरखडाही नव्हता. कुंडलिकनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ तो चावतच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं डेअरीत फोनवर वाचलं, की कार्बन आतून फुटतं आणि वरून दिसत नाही. धावता धावता, खड्ड्यात आपटलं की चाक एकदम तुटू शकतं. जुनं चाक घालावं, तर आबाजी विचारणार, का घातलं? मग सांगावं लागणार. हाडं मोडली तर प्लास्टर घालता येतं, आबाजींना चूक दाखवली तर त्यावर औषध नाही. असा हिशेब करून त्यानं ठरवलं, की चाकाला काही झालेलं नाही. इतका शहाणा माणूस, पण बापापुढं त्याची बुद्धी ही अशी गहाण पडायची.

रविवारी फटफटायला तो हेल्मेट घेऊन बाहेर आला, तर आबाजी पडवीत उकिडवे बसले होते. सायकल उलटी उभी होती. आबाजी पुढचं चाक बोट बोट सरकवत नखानं वाजवत होते आणि कान जवळ नेत होते.

"बस हितं. ऐक," ते म्हणाले.

टण. टण. टण. मग एका जागी बद्द. पुढं पुन्हा टण.

"फुटलंय. नारळ हितंच बसला हुता."

"न्हाय आबा. काही काही जागी तसंच वाजतंय ते."

"ढोल मला शिकवू नगंस." त्यांनी दुसरं चाक सगळं फिरवून वाजवलं. एकसारखं वाजलं. "कालपास्नं तुझं तोंड बघतोय. तुला ठावं हुतं. आन तू ह्याच्यावर बसून जाणार हुतास?"

कुंडलिकनं हातातलं हेल्मेट खाली ठेवलं.

"परवा तोंड उघडलंस आन मिटलंस. का?"

चव्वेचाळीस वर्षांत जे जमलं नव्हतं, ते कुंडलिकनं जमिनीकडं बघत केलं. "बोललो असतो, तर थांबला असता का तुमी?"

आबाजी खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी चाकाकडं बघितलं, नारळ फोडणारा आपला हात उलटासुलटा करून बघितला.

"न्हाय," ते म्हणाले. "थांबलो नसतो." आणि मग, "तरीबी बोलायचं, लेका. त्या रस्त्यावर मेला असतास की रं."

बोलता बोलता त्यांचा आवाज चिरकला. कुंडलिकनं तो आवाज कधी ऐकला नव्हता आणि त्याला कुठं बघावं कळेना. तो उठला, खुंटीवरचं जुनं चाक काढलं आणि पुढं बसवायला घेतलं. आबाजींनी न सांगता सायकल धरली. मागं नवं, पुढं जुनं, अशी ती विजोड सायकल तयार झाली. टोळी हसणार होती, हसू दे.

पायडलवर पाय ठेवून कुंडलिक थांबला. मागं वळून म्हणाला, "आबा, दुसरं चाक मागवणार हाय. त्याचा नारळ जमिनीवर फोडायचा."

त्या घरात एक शब्द इतकी वर्षं एकाच बाजूनं यायचा.

"व्हय," आबाजी म्हणाले.