हेमंतच्या घरी, डिंडोलीला

नाशिकहून सुरतेला जाणारी सकाळची बस निघाली तेव्हा शेजारच्या आजोबांनी विचारलं, "सुरतेला साड्या घ्यायला का?" मी "हो" म्हणून गेले आणि लगेच खजील झाले. खोटं निस्तरायला निघालेली मी, पहिल्या अर्ध्या तासातच एक खोटं बोलले होते.

नाशिकला माझी सॉफ्टवेअरची लहानशी कंपनी आहे. चार वर्षांपूर्वी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका ग्राहकाकडे आमच्या सॉफ्टवेअरने पेट्यांवर चुकीची लेबलं छापली आणि त्यांचा माल बंदरावर अडकला. घाई माझी होती. न तपासता तो बदल चालू करायला मीच सांगितलं होतं. पण ग्राहकासमोर बैठकीत मी म्हणाले, "आमच्या हेमंतकडून राहून गेलं." हेमंत समोरच बसला होता. त्याने मान खाली घातली. आठवडाभरात मी त्याला कामावरून काढलं.

मी ख्रिस्ती घरातली. आमच्या मंडळीत (चर्चच्या सभासदांत) रविवारी सगळे मिळून पापकबुलीची प्रार्थना म्हणतात. चार वर्षं मीही म्हणत होते. सगळे एकदम बोलतात, त्यामुळे कोण कशाची कबुली देतंय ते कुणाला कळत नाही, ही एक सोयच असते. नाताळाच्या आधीच्या एका रविवारी मात्र माझा आवाज फुटेना. बाहेर येऊन मी हेमंतला फोन केला. भेटायला येऊ का, विचारलं. आता तो सुरतेच्या डिंडोली भागात आईजवळ राहत होता. तो म्हणाला, "या. आईला आनंद होईल."

सापुताऱ्यानंतर घाट उतरला, सागाची झाडं मागे पडली आणि बारडोलीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. गाडी थांबली तिथे एक बाई पोंक (ज्वारीचा कोवळा हुरडा) विकत होती. वर लिंबू पिळून, शेव घालून तिने कागदात दिला. हिरवा, गोडसर, अजून कोमट. मी आजोबांपुढे कागद धरला आणि म्हणाले, "साड्या घ्यायला नाही चालले, बाबा. एकाची माफी मागायला चालले आहे." त्यांनी चिमूटभर पोंक घेतला. "मग रिकाम्या हाताने जाऊ नका," एवढंच म्हणाले. मी आणखी अर्धा किलो बांधून घेतला.

कडोदऱ्यापाशी कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या ट्रकांमागे बस तासभर अडकली. सुरतेत उतरून रिक्षा केली, तर रिक्षावाला अमळनेरचा निघाला. "डिंडोली म्हणजे अर्धं खानदेशच, ताई," तो म्हणाला आणि मोठ्या आत्मविश्वासाने मला हेमंतच्या सोसायटीचंच नाव असलेल्या दुसऱ्या सोसायटीत सोडून गेला. पोंकाची पिशवी सांभाळत विचारत विचारत मी पोचले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती.

हेमंतच्या आई, निर्मलाबाई, फरशीवर साडी पसरून तिच्यावर टिकल्या चिकटवत होत्या. हे काम त्या घरी आणून करतात. मला बघून त्या हात पुसत उठल्या आणि त्यांनी पोंकाची पिशवी घेतली. "ये व माय, बस." (ये गं बाई, बस.) हेमंतही होता. तो आता भरतकामाच्या यंत्रांसाठी संगणकावर नक्षी तयार करून देतो. थोडा जाड झाला होता. मला पाहून हसला, पण माझ्या डोळ्यांकडे बघेना.

बोलायला तोंड उघडायच्या आत ताट समोर आलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), हिरव्या मिरचीचा ठेचा. निर्मलाबाई वाढता वाढता सांगत होत्या, "तुम्हीच तर त्याला पहिली नोकरी दिली. डोळे बिघडले नसते ना, तर तुमच्याकडेच राहिला असता."

मी हेमंतकडे पाहिलं. तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

"डॉक्टर म्हणे, डोळ्यांत काही दोष दिसत नाही. पण हा तर संगणकाला हात लावेना. वर्षभर त्याला गाजरं खाऊ घातली. कानबाईला (खानदेशातली घराघरांतली देवी) नवस बोलले. तेव्हा कुठे परत कामाला बसला."

मी हातातला घास ताटात ठेवला. "आई, मला काही सांगायचंय."

"मॅडम, राहू द्या," हेमंत पटकन म्हणाला.

"काय राहू दे?" निर्मलाबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. चूक माझी होती, नाव त्याचं घेतलं, नोकरी मीच काढून घेतली. बोलताना मी ताटाकडे बघत होते. मान वर केली तेव्हा निर्मलाबाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्यांनी मुलाची हनुवटी धरली होती.

"तुन्हा डोया चांगला शेतस?" (तुझे डोळे चांगले आहेत?)

"चांगला शेतस, माय."

त्यांनी त्याचा एक डोळा पाहिला, मग दुसरा. मग त्याला सोडून त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही. "हे जेवायच्या आधी सांगायचं होतं, ताई. मी तुम्हाला लेकीसारखं वाढलं."

"हो," मी म्हणाले.

त्या पाठमोऱ्या बसून टिकल्या लावू लागल्या. हेमंतने ताटं उचलली. मी निघावं की बसावं ते समजेना. बऱ्याच वेळाने त्यांचं काम संपलं. साडीची घडी घालायला हेमंत पुढे झाला, तर त्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

"तुम्ही धरा."

मी पदराकडची टोकं धरली. एक घडी, मग दुसरी. प्रत्येक घडीला आम्ही एकमेकींकडे दोन पावलं येत होतो. शेवटी त्यांनी माझ्या बोटांतून टोकं काढून घेतली. "जपून, शेवटच्या टिकल्यांचा गोंद ओला आहे," त्या म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलंही नाही. निघताना मात्र त्यांनी त्या पोंकातला मूठभर देवापुढे ठेवलेला मी पाहिला.

बसथांब्यापर्यंत हेमंत सोबत आला. "घरी खरं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"माय सगळ्या गल्लीत तुमचं कौतुक करत फिरायची. तिला काय सांगणार?" थांब्यापाशी पोचल्यावर तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण त्या दिवशी त्या खोलीत सात जण होते. त्यांना कोण सांगणार?"

परतीच्या वाटेवर खिडकीतून काय काय गेलं ते मला आठवत नाही. कुणाला कळणार नाही असं देवाजवळ बोलून मी चार वर्षं स्वतःची सुटका करून घेत होते. हेमंतचं नाव मात्र चारचौघांत गेलं होतं, ते चारचौघांतच परत द्यायला हवं होतं.

सोमवारी मी आधी ग्राहकाला फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या हंगामाला दुसरीकडे बघू म्हणाले. मग ऑफिसातल्या सगळ्यांना एकत्र बसवून तेच सांगितलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं, की हेमंत गेल्यापासून एकही माणूस स्वतःची चूक घेऊन माझ्यापर्यंत आला नव्हता. मला वाटायचं, आमचं काम किती चोख झालंय. त्याबद्दल मी देवाचे आभारही मानले होते.

सगळे उठून गेले. दोन वर्षांपासून आमच्याकडे असलेली प्राची तेवढी दारात घुटमळली.

"मॅडम, गेल्या महिन्यात सर्व्हर बंद पडला होता ना," ती ओढणीचं टोक चोळत म्हणाली, "ते माझ्यामुळे झालं होतं. मी बोलले नाही."

मी शेजारची खुर्ची ओढली. "बस. दाखव बरं, दोघी मिळून बघू."