कूलरपुढच्या अळ्या

आमच्या नणंदबाईंइतकं अळ्यांवर जीव टाकणारं माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरं झालं नाही, आणि होऊही नये, अशी माझ्या सासूबाईंची देवाजवळ रोजची प्रार्थना असे. नव्वदचं दशक सरता सरता मी लग्न होऊन देवळीला आले, तेव्हा ताई वर्ध्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होत्या आणि उरलेल्या वेळात पीएचडी करत होत्या. विषय गोलकृमी. मिलिमीटरभर लांब, काचेसारखे आरपार दिसणारे, मातीत राहणारे गरीब जीव. कुणाच्या पोटात शिरत नाहीत की कुणाचं पीक खात नाहीत. पण ‘कृमी’ हा शब्द कानावर पडला त्याच संध्याकाळी सासूबाईंनी घरातल्या सगळ्यांना ओळीने बसवून जंताचं औषध पाजलं. नवी सून म्हणून मला चमचाभर जास्तच.

ताईंशी बोलायला कुठूनही सुरुवात करा, गाडी अळ्यांवर येऊन थांबायची. वांगी चिरून मी पाण्यात घालायला विसरले, की त्या मागे येऊन उभ्या राहत आणि काळ्या पडलेल्या फोडी दाखवून सांगत, “पाहा वहिनी, हवेनं काळं पडलं. आपल्या शरीरातही आतून हेच होऊन राह्यलं.” मग शरीर त्याला तोंड कसं देतं, विष आत शिरलं की एक जनुक जागा होऊन सफाईच्या रसायनांना कामाला कसा लावतो, हे सगळं ऐकून होईस्तोवर माझी फोडणी करपलेली असे. त्यांच्याकडे अळ्यांची दोन घराणी होती. एकात हा जनुक धडधाकट, दुसऱ्यात तो मुळातच नाही. हे दुसरं घराणं त्यांच्या मार्गदर्शक सरांनी परदेशातल्या प्रयोगशाळेतून मागवून दिलेलं, आणि सगळी पीएचडी त्याच्यावरच टांगलेली. जरासं विष सोसायचं नाही म्हणून ताई त्यांना ‘नाजूक मंडळी’ म्हणत. आम्हा कुणाशी त्या इतक्या हळू आवाजात कधी बोलल्या नाहीत.

ही मंडळी छोट्या बशांमधल्या जेलीवर राहत, बऱ्याचशा कॉलेजात आणि थोड्या कायम आमच्या घरी. जेलीतले जंतू मारायला ताईंनी सासूबाईंचा कुकर पळवला. मग अळ्यांना खायला म्हणून त्याच जेलीवर दुसरे जंतू मुद्दाम पेरायच्या. आधी मारायचे आणि मग पेरायचे, हे सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. त्या कुकरात पुन्हा वरण शिजलं नाही हे सांगायला नकोच. एकदा आर्वीचे पाहुणे ताईंना बघायला आले. मुलाच्या आईने स्वयंपाक येतो का म्हणून विचारलं. ताईंनी रोज करते म्हणून सांगितलं, आणि कुणासाठी करते ते दाखवायला सूक्ष्मदर्शकच समोर आणून ठेवला. पाहुण्यांनी पोह्यांना हात लावला नाही. आर्वीहून पुढे काही निरोप आला नाही आणि ताईंनी त्याची वाटही पाहिली नाही.

धूर म्हणजे विष, म्हणून घरात उदबत्तीला बंदी होती. मच्छरांची कॉइल लावली म्हणून माझ्या नवऱ्याशी, म्हणजे सख्ख्या भावाशी, त्या थेट राखीपर्यंत बोलल्या नव्हत्या. त्यात एका मे महिन्यात कॉलेज सुट्टीला बंद झालं आणि सगळ्याच अळ्यांचा मुक्काम घरी आला. त्यांना लागतो गारवा, आणि आमच्याकडचा मे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे बैठकीत कूलरपुढे टेबलावर बशा, आणि आम्ही माणसं अंगणात खाटांवर. लाइन गेली की बशा माठाखालच्या ओल्या रेतीत जात. शेवटचा प्रयोग तेवढा राहिला होता. ताई दिवसभर तिथेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत आणि कूलरच्या साचल्या पाण्यातले मच्छर त्यांना फाडून खात. हातपाय लाल झाले होते, पण त्या हलायच्या नाहीत.

माझ्या सासऱ्यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. कमी बोलणारा माणूस. “अळ्यायले कूलर अन् बापाले खाट,” एवढीच त्यांची तक्रार. पण लेकीचे सुजलेले हात त्यांनी पाहिले होते. एका संध्याकाळी कुणाला न सांगता त्यांनी कूलरच्या टाकीत रॉकेल ओतलं. मच्छर होऊ नयेत म्हणून आमच्या गल्लीत घरोघरी ओतत, तसंच. कूलर रात्रभर ती हवा बशांवर फेकत राहिला.

सकाळी ताई बैठकीत गेल्या आणि दारातच थबकल्या. वास मलाही आला. त्यांनी एकेक बशी पाहिली. धडधाकट घराणं सुस्तावलेलं, पण हलत होतं. नाजूक मंडळी सगळी ताठ पडली होती. तेवढ्यात सासरे आले, लहान मुलासारखे खूश. “मच्छर चावून राह्यले होते न तुले? रॉकेल टाकलं म्या टाकीत.”

मी डोळे मिटून घेतले. कॉइलसाठी भावाशी अबोला धरणारी बाई आता काय करील, याचा काही नेमच नव्हता. ताई हातातली बशी खाली ठेवून म्हणाल्या, “बरं केलं बाबा. रातभर एकही मच्छर नाई आला.”

ते दुकानात गेल्यावर त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मलाही आवरलं नाही. दुपारी सासऱ्यांनी ताईंना जेवत का नाहीस म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी अळ्या उन्हाने गेल्या म्हणून सांगितलं. ते खूप हळहळले आणि कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या आणून बसवल्या.

परदेशाहून ती अळी पुन्हा यायला नि सगळं पहिल्यापासून मांडायला फार वेळ गेला. पीएचडी उशिरा झाली, पण झाली. सासऱ्यांनी गल्लीभर पेढे वाटले आणि ज्याला त्याला सांगितलं, की त्यांचं रॉकेल नसतं तर पोरगी मच्छरांनीच खाल्ली असती, डॉक्टर कुठून व्हायची? ताई शेजारी उभ्या राहून हो हो म्हणत होत्या. पुढेही सासरे होते तोवर हे कौतुक चालू राहिलं आणि ताईंचं हो हो म्हणणंही.

ते गेल्यावरच्या उन्हाळ्यात एकदा आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. मी विचारलं, त्या दिवशी बाबांचा राग नव्हता आला?

“आला न. लई आला,” ताई म्हणाल्या. “पण बाबायले कळलं असतं, तर त्यायच्या मनातून गेलं नसतं, वहिनी. अळ्या काय, पुन्हा मागवता आल्या.”