अक्कांचा आभाळातला दगड

ओल्या लोखंडाला एक वास असतो. किंचित आंबट, जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा. नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या माझ्या थोरल्या नणंदेच्या, अक्कांच्या, ओट्यावर तो वास मला पहिल्यांदा भेटला. त्या विळ्याला धार लावत होत्या. पाण्याचे थेंब टाकलेला, मुठीहून मोठा, काळा दगड विळ्याखाली कुरकुरत होता.

तो दगड आभाळातून पडलेला आहे, असं अक्का सांगत. दोन वर्षांपूर्वी दिवेलागणीला कपाशीच्या शेतापलीकडे, नाल्याकडे हिरवट उजेड कोसळताना त्यांनी पाहिला होता. सकाळी तिथे जाऊन हा दगड त्यांनी उचलून आणला. गावानं मात्र उजेडही मानला नाही आणि दगडही. ओट्यावर बसलेले त्यांचे दीर, नाना, त्या दिवशीही म्हणालेच, "वैनी, चांदना तुकडावर इळा घसस का?"

"घरमा उना ना? मंग काम कराले पाहिजे," घरात आलेल्या कशालाही रिकामं बसू न देणाऱ्या अक्का म्हणाल्या. मग आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "तू शिकेल शे. कोनले तरी इचार. मी खोटं नही बोलनू."

दगड ओढणीत गुंडाळून मी जळगावला आणला. आमच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी तो तळहातावर तोलला आणि दोऱ्याला टांगलेलं लोहचुंबक जवळ नेलं. चुंबक झेपावून चिकटलं. मला आतून चांदणं फुटल्यासारखं झालं. बाई मात्र दगड फिरवत राहिल्या. दुसऱ्या अंगाला चुंबक नुसतं आळसावून हललं.

"ही एकच बाजू इतकी गुळगुळीत कशी? यावर काही घासतात का?"

"विळा," मी म्हणाले, आणि म्हणतानाच ओशाळले. ओट्यावरचा तो वास आठवला. चुंबकानं पकडली होती ती अक्कांच्या विळ्याची झीज, दगडावर बसलेली लोखंडाची पूड.

बाईंनी दगडाचा कोपरा हातोडीनं उडवला. आत बारीक पोकळ्या होत्या, आणि त्यांत साखरेच्या कणांसारखे पांढरे स्फटिक. "हा आपल्याच मातीतला, थिजलेल्या लाव्ह्याचा दगड. आभाळातून पडलेल्या दगडात, अशनीत, अशा पोकळ्या सहसा नसतात." मग माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "पण त्यामुळे उजेड खोटा ठरत नाही. त्यांनी कदाचित वेगळाच दगड उचलला असेल."

दगड घेऊन अक्कांच्या गावी परतताना एसटीत मी ही वाक्यं मनात उलटीसुलटी करत होते. पासष्ट वर्षांच्या बाईला तिचा एकुलता पुरावा कोणत्या शब्दांत परत करायचा?

अखेर जसं होतं तसंच सांगितलं. नाना मांडीवर थाप मारून हसले. "वैनी, आभाय परत वर गयं!"

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. फुटक्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या कणांवरून त्यांनी अंगठा फिरवला. बराच वेळ.

"म्हंजे उजेड खरा शे?"

"त्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही, अक्का."

"आनि मी दगड चुकनू?"

"बहुतेक."

त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैलावल्या. दगड ओट्यावर ठेवून त्या उठल्या. ऊन अजून कपाशीवर होतं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, पायांत चपला सरकवल्या, नाल्याच्या दिशेनं एकदा पाहिलं आणि मागं वळून मला म्हणाल्या, "चाल."